भरीत पार्टीसाठी घरचे मसाला शेंगदाणे : मसाला दाण्याला धरून कसा राहील?

केळीबाग

राम राम मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या यावलकडच्या मळ्यात भरीत पार्टी ठरली आहे. चाळीसेक माणसं असतील. वांगी बामणोदची सांगून ठेवली आहेत, वांगी ठेचायची लाकडी बडगी शेजारच्या मळ्यातून येईल, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या घरच्या बायका करणार आहेत. तो भाग पक्का आहे.

प्रश्न त्याच्या आधीच्या वेळेचा आहे. काड्या पेटवा, वांगी भाजा, सोला, ठेचा, मग कांद्याची पात, मिरची आणि दाण्यांची फोडणी. यात सहज दीड-दोन तास जातात. मंडळी थंडीत शेकोटीभोवती बसलेली असतात आणि सारखं काहीतरी तोंडात टाकायला लागतं. दरवेळी विकतची पाकिटं आणतो. त्यांना तेलाचा वास येतो आणि मिठाशिवाय दुसरी चवच नसते. या वर्षी दाणे घरी करायचं मनात आहे. थोडे काजू-बदामही आहेत.

घरी आधी करून पाहिले. तव्यावर भाजले, वरून तिखट-मीठ टाकलं. दाणे छान झाले, पण मसाला सगळा डब्याच्या तळाशी. तो दाण्याला धरून राहावा म्हणून काय करतात? किती दिवस आधी करून ठेवता येतील? आणि चाळीस जणांना किती लागतील? घरी गॅस आहे, मळ्यात चूल आहे, बहिणीकडे ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आहे.

भट्टीवाला_अमळनेर

भाऊ, आमची फुटाण्या-दाण्यांची भट्टी आहे, वडिलांच्या आधीपासून. जे माहीत आहे ते सगळं सांगतो.

पहिली गोष्ट, मीठ आणि मसाला ही दोन वेगळी कामं आहेत. मीठ भाजायच्या आधी द्यायचं, मसाला भाजून झाल्यावर. लोक दोन्ही एकदमच करतात, म्हणून मीठ गळतं आणि तिखट करपतं.

मीठ कोरडं टाकून कधीच चिकटत नाही. ते पाण्यातून द्यावं लागतं. एक किलो कच्च्या दाण्यांना पाऊण वाटी कडकडीत पाणी घ्या, त्यात दोन मोठे चमचे मीठ आणि चिमूटभर हळद विरघळवा. हे पाणी दाण्यांवर ओतून हाताने सारखं चोळा. प्रत्येक दाणा ओला झाला पाहिजे, पण भांड्याच्या तळाशी पाणी साचता कामा नये. झाकून अर्धा तास मुरू द्या. मग पंचावर पसरून सावलीत वरचं साल सुकेपर्यंत ठेवा. बाहेरून कोरडे आणि आतून किंचित ओलसर, अशा अवस्थेत ते कढईत जायला हवेत. भाजताना ते पाणी उडून जातं आणि मीठ सालीत बसून राहतं. विकतच्या खाऱ्या दाण्यावर पांढरी झाक दिसते ना, ती हीच.

भट्टीवर आम्ही वाळूत भाजतो. घरी वाळूऐवजी खडे मीठ घ्या. बिडाच्या किंवा लोखंडी जाड कढईत एक किलो मीठ चांगलं तापवा. हात वर धरला तर धग लागली पाहिजे. मग अर्धा किलो दाणे टाका आणि मध्यम आचेवर झाऱ्याने खालून वर सतत हलवा. मीठ सगळीकडून दाण्याला वेढतं, म्हणून एका बाजूला डाग पडत नाहीत. नुसत्या तव्यावर दाणा जिथे टेकतो तिथेच भाजला जातो.

झाले कधी हे कानाने ओळखायचं. सुरुवातीला गप्प असतात, मग तडतड सुरू होते, भर येतो, आणि मग ती तडतड मंदावू लागते. त्या वेळी एक दाणा काढून फुंकर मारा, साल चोळा, दोन फाका करा. आतला रंग फिकट बिस्किटासारखा दिसला की लगेच चाळणीत ओता. हवा तेवढा लाल होईपर्यंत थांबू नका. कढईतून काढल्यावरही दाणा आतल्या गरमीने भाजला जात राहतो आणि परातीत एक छटा पुढे जातो. गरम असताना तो मऊ लागणारच. कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. मऊ लागला म्हणून परत कढईत टाकला की जळालाच समजा.

पांझराकाठ

बेस सांगं भाऊ! धुळ्याकडे आमच्या घरी याच पद्धतीने होतात, फक्त हळद नसते. केळीबाग भाऊ, हाई काम घाईनं नही. चुलीवर करणार असाल तर ज्वाळ पूर्ण बसू द्या, नुसत्या निखाऱ्यांवर कढई ठेवा. काड्यांची आग भसकन वाढते आणि तेवढ्यात दाणे डागतात. काड्या वांग्यांसाठीच ठेवा.

केळीबाग

भट्टीवाला भाऊ, मनापासून आभार. मिठाचं समजलं. आता मसाल्याचं सांगा. आमच्या घरच्या काळ्या मसाल्याची चव दाण्यांना यावी असं फार वाटतं. पार्टी खान्देशी आहे, तर दाणेही खान्देशीच लागले पाहिजेत.

तापीकाठची

यावर मी लिहिते. सणावाराला आणि पार्ट्यांना असे डबे भरून देते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

काळा मसाला जसाच्या तसा वापरू नका. त्यात भाजलेलं खोबरं असतं, काही घरांत तळलेला कांदाही. भाजीत तो सुंदर लागतो, कारण रश्शात शिजतो. कोरड्या दाण्यावर मात्र त्याचे ओशट गोळे होतात, दाणा मऊ पडतो, आणि खोबऱ्यामुळे सगळा डबा लवकर खवट होतो. मला वाटतं, काळ्या मसाल्याचा वास हवा असेल तर त्यातले कोरडे मसाले तेवढे घ्यावेत : जिरं, धणे, मिरी, दोन-तीन लवंगा आणि दगडफुलाचा अगदी लहान तुकडा. मंद भाजून, गार करून, मिक्सरमध्ये पीठ होईपर्यंत फिरवा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. दगडफूल जास्त झालं तर कडवट लागतं, तिथे हात आखडता ठेवा.

बारीक दळण्यावर मी जोर देते, कारण मसाला जितका जाड तितका तो लवकर गळतो. मीठसुद्धा वरून द्यायचं तर मिक्सरमधून पिठीसारखं करून घ्या.

आता चिकटायचं कसं. दाणे भट्टीवाला भाऊंनी सांगितल्याप्रमाणे भाजा. मीठ चाळून टाका. ते गरम असतानाच मोठ्या परातीत घ्या आणि किलोला एक मोठा चमचा कोमट तेल सोडून दोन्ही हातांनी उलथेपालथे करा. एवढंच तेल. हाताला चमक दिसेल, पण परातीला ओघळ दिसता कामा नये. लगेच मसाला भुरभुरवा आणि पुन्हा उलथेपालथे करा. दाणा गरम असला तर तेल पातळ राहतं आणि सगळीकडे सारखं पसरतं. गार दाण्यावर तेल टाकलं तर ते एका जागी बसतं आणि मसाल्याच्या गुठळ्या होतात.

हे तेल कसलं घ्यायचं, त्यातच खरी खान्देशी चव आहे. घाण्याचं शेंगदाणा तेल घ्या. त्यात लसणाच्या पातळ चकत्या अगदी मंद आचेवर टाका आणि सोनेरी होऊन कडक होईपर्यंत थांबा. चकत्या काढून कागदावर ठेवा, तेल गाळून दाण्यांना लावा. गार झालेल्या चकत्या हातानेच चुरडतात. त्यात थोडं मीठ घालून खलबत्त्यात कुटा आणि तो चुरा मसाल्यात मिसळा. ओला लसूण वाटून घालू नका, त्यातल्या पाण्याने सगळे दाणे लिबलिबीत होतात. लसणाचं ते तेल त्याच दिवशी संपवा, साठवून ठेवू नका.

किलोभर भाजक्या दाण्यांना माझं प्रमाण : दोन छोटे चमचे तिखट, दीड चमचा आमचूर, एक चमचा वरचा कोरडा मसाला, अर्धा चमचा काळं मीठ, एक चमचा पिठीसाखर, बोटाच्या चिमटीत मावेल एवढा हिंग आणि लसणाचा चुरा. साखर गोडीसाठी नाही. ती तिखट, आंबट आणि खारट यांना एकत्र आणते. एकदा साखरेशिवाय मूठभर करून बघा, फरक लगेच कळेल.

दाणापारखी_जळगाव

वरच्या पद्धती छान आहेत, पण दाण्यांवर कोणी बोललं नाही. मी तेलबियांच्या व्यापारात आहे, म्हणून थोडं लिहितो.

जळगावचं तेलबिया संशोधन केंद्र भुईमुगासाठी नावाजलेलं आहे. देशभर पेरला गेलेला जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती, हा वाण तिथलाच. जेएल मधलं ‘जे’ जळगावचं. आपल्याकडे दाण्याची कमी नाही, पण भाजण्यासाठी दुकानदाराकडून एकसारख्या आकाराचे मागून घ्या. लहान-मोठे मिसळलेले असले की लहान जळतात आणि मोठे आत कच्चे राहतात. घरी तशीच पोती असेल तर जाड चाळणीने दोन भाग करून वेगवेगळे भाजा. नव्या हंगामाचे दाणे घ्या. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, जुने झाले की ते तेल खवट होतं आणि कुठलाही मसाला तो वास झाकू शकत नाही.

आता महत्त्वाचं. भाजायच्या आधी दाणे ताटात पसरून निवडा. सुरकुतलेले, काळपट, साल फाटून आत हिरवट-करडी बुरशी दिसणारे, सगळे बाजूला काढा. भुईमुगावर वाढणाऱ्या एका बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक आहे. भाजल्याने ते पूर्ण नष्ट होत नाही. त्यामुळे ‘भाजले की काय होतंय’ असं म्हणून वाईट दाणे ठेवू नका, गुरांनाही घालू नका. खाताना एखादा दाणा कडू लागला तर थुंकून टाका, गिळू नका. पाहुण्यांच्या पुढे ठेवायचं म्हटल्यावर ही निवडानिवड टाळता येत नाही.

केळीबाग

दाणापारखी भाऊ, हे माहीत नव्हतं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, निवडायचं काम माझ्याकडे.

काजू-बदामाचं काय करू? सगळं एकाच कढईत होईल का?

तापीकाठची

एकत्र अजिबात नको. काजू सगळ्यात आधी लाल होतो, बदामाला वेळ लागतो, अक्रोड तर बघता बघता कडवटतो. वेगवेगळे भाजा आणि शेवटी परातीत एकत्र करा. मिठाच्या कढईपेक्षा यांना बहिणीचा ओटीजी बरा. बदाम १६० अंशांवर १२ ते १५ मिनिटं, काजू १५० वर साधारण दहा मिनिटं, मधून एकदा ट्रे हलवायचा. दाणे एकावर एक चढवायचे नाहीत. प्रत्येक ओटीजीचा स्वभाव वेगळा असतो, म्हणून शेवटची तीन-चार मिनिटं समोरून हलू नका.

घरात अंडं चालत असेल तर एक पद्धत फार सुरेख आहे. अर्धा किलो काजू-बदामाला एका अंड्याचा पांढरा भाग फेस येईपर्यंत फेटा, त्यात मीठ-मसाला मिसळा, कच्चे काजू-बदाम घोळवा आणि १५० अंशांवर साधारण २५ मिनिटं ठेवा. दर आठ-दहा मिनिटांनी सुटे करा. वर पातळ कडक पापुद्रा येतो आणि मसाला मुळीच गळत नाही. मात्र यात तिखट कमी घाला, कारण ते भट्टीत सगळा वेळ राहतं आणि काळवंडतं. ताटावर तसं लिहून ठेवा, भरीत पार्टीला न खाणारी मंडळी असतातच.

गुळाचा पाक घालावासा वाटेल, पण चार दिवस टिकवायचं असेल तर नको. गूळ हवेतली ओल ओढतो आणि सगळे दाणे चिकटून ढेकूळ होतो. त्याच दिवशी खायचं असेल तर जरूर करा.

पुणेकर_खान्देशी

एअर फ्रायरमध्ये कोणी करत नाही का? माझ्याकडे १६० वर आठ-दहा मिनिटांत दाणे होतात, कटकट नाही.

भट्टीवाला_अमळनेर

दादा, घरच्या चार माणसांना चालेल. पण त्यात वारा जोराचा असतो, मसाला लावून ठेवले तर तो उडून जातो. नुसते भाजून घ्या, मसाला बाहेर परातीत. आणि चाळीस माणसांचं म्हणाल तर त्या लहान डब्यात किती वेळा भरणार? कढईच बरी.

पुणेकर_खान्देशी

बरोबर, मी मसाला आधी लावायचो. आता बाहेर लावून बघतो.

धडगावची_लेक

तापीकाठच्या काकू, तुम्ही आमचूर लिहिलंत ते वाचून फार बरं वाटलं. माझं माहेर अक्राणी भागातलं. उन्हाळ्यात आमच्याकडे घरोघरी आमचूर होतो. पडलेल्या, झोडपलेल्या कैऱ्या गोळा करायच्या, सोलायच्या, चकत्या करून दगडांवर नाहीतर छपरावर वाळत घालायच्या. चांगल्या वाळल्या की चकती हातात कडकन मोडते. त्या फोडी आणा आणि घरी दळा. तयार पुडीपेक्षा आंबटपणा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे काकूंनी सांगितलेल्या दीड चमच्याऐवजी आधी एकच घाला आणि चाखून वाढवा. लिंबू मात्र पिळू नका, दाणे लगेच मऊ पडतात.

मिरचीचं म्हणाल तर नंदुरबारच्या बाजारातून आणा. तिथे ओली लाल मिरची येते आणि पथारींवर वाळवतात, हंगामात सगळं शिवार लाल दिसतं. नवी मिरची नुकतीच बाजारात आलेली असेल. देठ काढून, तव्यावर नुसती कोमट करून, घरी कुटली तर रंग आणि वास दोन्ही मिळतात. तिखट नेहमी आच बंद झाल्यावर. करपलेल्या तिखटाचा ठसका चाळीस माणसांना एकदम लागेल.

आणि थोडी चारोळी घाला हो त्यात! सातपुड्याची चारोळी फक्त खिरीत आणि बासुंदीत का अडकून राहावी? तिला कढईत टाकू नका, बारीक असल्याने जळते. बंद केलेल्या गरम तव्यावर एक मिनिट फिरवा आणि तयार दाण्यांत वरून मिसळा. शेंगदाण्याचा कुरकुरीतपणा आणि मधेच चारोळीचा मऊ खमंगपणा, असं लागतं.

केळीबाग

धडगावची ताई, चारोळी आमच्या घरात कायम असते आणि हे कधी सुचलं नाही. नक्की घालणार.

आता शेवटचे दोन प्रश्न : किती घेऊ आणि किती दिवस आधी करू?

भट्टीवाला_अमळनेर

जेवण मागून आहे, त्यामुळे माणशी मूठभर, म्हणजे ३५-४० ग्रॅम धरा. चाळीस जणांना दीड किलो. शेकोटी आणि थंडी असली की हात थांबत नाही, म्हणून दोन किलो करा. कच्चे घेताना थोडे जास्त घ्या, भाजताना ओल उडून वजन घटतं.

तीन-चार दिवस आधी केले तरी चालतात. डिसेंबरात आपल्याकडे हवा कोरडी असते, त्याचा फायदा आहे. हेच दाणे श्रावणात कानबाईच्या सणाला केले तर संध्याकाळपर्यंत मऊ पडतात, तेव्हा त्याच दिवशी करावे लागतात. पण एक पाळा : पूर्ण गार झाल्याशिवाय डबा लावायचा नाही. तळहात लावून परात गार लागली तरी मधल्या ढिगात गरमी असते, म्हणून ढीग पसरून रात्रभर पातळ कपड्याखाली ठेवा. गरम डब्यात वाफ धरली की सगळी मेहनत गेली. डबा काचेचा नाहीतर स्टीलचा घ्या, घट्ट झाकणाचा आणि उन्हापासून लांब ठेवा.

मऊ पडलेच तर घाबरू नका. मसाला लावलेले दाणे कोमट कढईत, अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं फिरवून गार केले की परत कुरकुरीत होतात.

रुग्णसेविका_नंदुरबार

एक विनंती. पार्टीत लहान मुलं असतील तर ताटं त्यांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात, श्वासनलिकेत दाणा अडकतो, विशेषतः पळत पळत, हसत खाताना. त्यांना द्यायचेच तर कूट करून द्या. कोणाला दाण्यांची किंवा काजूची ॲलर्जी आहे का, हे बोलावतानाच विचारून घ्या. भरितातही दाणे असतात, तेव्हा त्या माणसाचं भरीत वेगळं काढावं लागेल.

केळीबाग

ताई, यादीत लिहून घेतलं. दोन लहानगे येणार आहेत, त्यांच्यासाठी राजगिऱ्याचे लाडू ठेवतो.

*(पार्टीनंतर)*

केळीबाग

मंडळी, पार्टी झाली. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवेना.

आईने दाणे निवडले. बाजूला काढलेले पाहिल्यावर घरातले सगळेच गप्प झाले, इतके निघाले. ते पुरून टाकले. चुलीवर निखारे करून मिठात भाजले. तडतड मंदावल्याची खूण तंतोतंत खरी आहे. पहिल्या घाण्याला मी हात थांबवत नव्हतो, काका म्हणाले, आवाज ऐक. तिथेच काढले आणि परातीत रंग चढला.

लसणाचं तेल लावल्यावर जो वास सुटला, त्याने मळ्यातले सालदार आधी गोळा झाले! डबा चौथ्या दिवशी उघडला तेव्हा तळाला नावापुरता मसाला होता, बाकी सगळा दाण्यावर. काजू-बदाम उरले. शेंगदाणे वांगी सोलून होण्याआधीच संपत आले, मग एक वाटी बाजूला काढून भरिताच्या वरून घातली. घरातल्या मोठ्या माणसांना ते इतकं आवडलं की पुढच्या भरिताला हीच फोडणी असं ठरून गेलं. चारोळीबद्दल सगळ्यांनी विचारलं. धडगावची ताई, तुमचं नाव घेतलं.

एक राहिलंच. भाजायला घेतलेलं मीठ किलोभर शिल्लक आहे, करडं झालंय. टाकून देऊ का?

भट्टीवाला_अमळनेर

अरे टाकतोस कशाला! चाळून साली काढ, गार करून बरणीत भर आणि पुढच्या वेळी त्यातच भाज. आम्ही वाळू अशीच वापरतो. फक्त भाजीत घालू नका, त्यात करपलेल्या सालीची चव असते. बरणीवर ‘भाजायचं मीठ’ अशी चिठ्ठी लावा, नाहीतर कोणीतरी वरणात घालेल.

पांझराकाठ

आणि मकाच्या लाह्या, फुटाणे, काबुली चणे याच मिठात होतात भाऊ. चणे रात्रभर भिजवून, पूर्ण निथळून, दिवसभर कोरडे करून मगच कढईत टाका. ओले टाकले तर मिठाचे गोळे होतात.

तापीकाठची

संक्रांतीला याच पद्धतीने दाण्यांत भाजलेले पांढरे तीळ मिसळा, केळीबाग. तीळ तेल लावलेल्या गरम दाण्यांवर मसाल्याबरोबरच टाकायचे, मग चिकटतात. आणि त्या वेळी मसाल्यातलं काळं मीठ निम्मं करा.